आपापला भार

आषाढ सरत आला की आमच्या भागात माणसं एकमेकांना पावसाचं विचारत नाहीत, दरवाजांचं विचारतात. 'उघडलं काय?' एवढंच. कुठलं, कशाचं, हे सांगावं लागत नाही. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरत येतो, पाणी ठरल्या उंचीला टेकतं आणि एक दार आपसूक उघडतं. पाऊस थांबला नाही तर दुसरं, मग तिसरं. कुणी कळ दाबत नाही, कुणी चाक फिरवत नाही. झाड पडून तारा तुटल्या आणि सगळा तालुका अंधारात गेला तरी अडत नाही. पाण्याचा दाब आणि त्याच्या विरुद्ध तोलून धरलेलं वजन, एवढ्यावर सगळा कारभार. एका दारातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं आणि भोगावतीच्या पात्रात कोसळतं. भाताची खाचरं, उसाचे मळे मागे टाकत ते प्रयाग चिखलीकडे जातं, कुंभी, कासारी, तुळशीच्या पाण्यात मिसळून पंचगंगा होतं, आणि मग कोल्हापुरातली नदीकाठची माणसं राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत रात्र काढतात. तलाव थोडा उतरला की दारं जशी उघडली तशीच मिटतात.

लहानपणी पाहुणे आले आणि पावसानं जरा उघडीप दिली की त्यांना धरण दाखवायला न्यायची आमच्या घरची पद्धत होती. मोठी माणसं दरवाजांकडे बोट दाखवून दर वेळी एकच सांगायची, 'ह्याला माणूस लागत न्हाई बघा.' सांगताना आवाज असा चढायचा की जणू ती दारं त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलीत. आमच्याकडे माणसाचं कौतुकही जवळजवळ याच शब्दांत होतं. कुणी सोसायटीचं कर्ज फेडलं, कुणाच्या पोरीला नोकरी लागली, कुणी भावकीतून वेगळं निघून चार खोल्या बांधल्या, की पारावर म्हणतात, 'आता त्याला कुणाची गरज न्हाई.' त्या बोलण्यात कौतुक असतं, थोडी असूया असते आणि पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या उंबऱ्याशी ताटकळलेल्या माणसांनी टाकलेला सुटकेचा निःश्वासही असतो. सावकाराचा उंबरा, पाटलाचा उंबरा, साहेबाचा, थोरल्या भावाचा. मिंधेपण किती परींचं असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच या वाक्याची गोडी कळते. मला ती कळते. तरीही धरणाच्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाटतं, माणूस न लागणारं हे दार उभं करायला माणसं किती लागली असतील!

कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. परतल्यावर आपल्या मुलखातल्या पाण्याकडे ते वेगळ्या नजरेनं पाहू लागले. पावसाळ्यात नदी मावत नाही आणि उन्हाळ्यात पात्रात दगड मोजावेत, ही इथल्या नद्यांची जुनी रीत. १९०८ च्या सुमारास भोगावतीवर काम सुरू झालं. जवळ वसवलेल्या गावाला त्यांनी मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं आणि तलावाला आपल्या राणीचं, लक्ष्मीबाईंचं. संस्थान छोटं, तिजोरी बेताची. महायुद्धाच्या काळात सगळं महागलं, पैसा पुरेना, आणि १९१८ च्या सुमारास भिंत अर्ध्यावर थांबली. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले तेव्हाही ती अपुरीच होती. मधे बरीच वर्षं गेली, राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा हाती घेतलं गेलं, देश स्वतंत्र झाला आणि १९५० नंतरच्या दशकात धरण पुरं झालं. ज्यांनी पहिले दगड फोडले, चुना मळला, डोक्यावरून घमेली वाहिली, त्यांच्यातल्या कितीजणांना भरलेला तलाव दिसला असेल? ज्यांची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली त्यांना तर तो वेगळाच दिसला असेल. आज खालच्या गावातला शेतकरी मोटारीचं बटण दाबतो आणि उसाला स्वतःच्या मनाप्रमाणे पाणी पाजतो. त्याची ही मोकळीक त्याला कधीही न भेटलेल्या माणसांच्या कष्टांवर उभी आहे.

भिंतीचं काम थांबलं त्याच सुमारास महाराजांचं दुसरं एक काम जोरात होतं. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. १९१८ मध्ये महार वतनं रद्द झाली. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्या जमिनीच्या तुकड्यापायी अख्खं घर गावाच्या हुकमात असायचं. सांगावा पोचवा, ओझं उचला, मेलेलं जनावर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा. हाक आली की हातातला घास ठेवून उठायचं. घरातला कर्ता आजारी असेल तर पोरानं जायचं. वतन गेलं तेव्हा जमीन कसणाऱ्याच्या नावावर राहिली आणि तिच्यामागं लागलेली हाक तेवढी गेली. वेठबिगारीलाही बंदी आली. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी थांबली. या हुकमांची यादी शाळेत आम्ही पाठ केली होती आणि पेपरात सनावळीसकट लिहिली होती. पुढे नोकरी लागली, वरिष्ठांपुढं मान खाली घालून उभं राहणं म्हणजे काय ते कळलं, तेव्हा त्या यादीतला एकेक हुकूम जिवंत झाला. सकाळी उठून आज काय करायचं हे आपलं आपण ठरवणं ही केवढी मोठी कमाई आहे, हे नकार देण्याची ऐपत नसलेल्या माणसाला विचारावं.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात घरोघर माहीत आहे. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर सोनतळीच्या कॅम्पवर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. गोष्ट इथंच संपली असती तरी लोकांनी ती न्यायाची गोष्ट म्हणून सांगितली असती. पण महाराजांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. पाटीवर नाव होतं 'सत्यसुधारक'.

या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त छळणारा भाग पुढं आहे. हॉटेल उघडलं, भांडी लख्ख घासलेली, चहा चांगला, मालक कष्टाळू आणि गिऱ्हाईक येईना. रस्त्यानं माणसं जात होती, येत होती. त्या हातचा चहा प्यायला कुणी तयार नव्हतं. आपल्या पायावर उभं राहण्यासाठी माणसाला जे जे करता येतं ते गंगारामांनी केलं होतं. भांडवल होतं, जागा होती, हातात कसब होतं, मनात उमेद होती. तरीही ते दुकान एकट्या मालकाच्या बळावर चालणार नव्हतं. त्याला समोरून हात पुढे करून कप उचलणारा माणूस हवा होता. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. गंगारामांच्या हातचा चहा महाराज चारचौघांदेखत प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यावा लागायचा. शहर बघत होतं. हळूहळू त्या बाकांवर माणसं बसू लागली.

स्वतःच्या पायावर उभं राहा असं सांगणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले. सभेत भेटले, वर्गात भेटले, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून भेटले. त्या दुकानात जाऊन चहा पिणारे फार थोडे भेटले. पोरानं नोकरी सोडून रोपवाटिका काढली तर त्याच्या धाडसाची चर्चा गावभर होते आणि रोपं मात्र दुसरीकडून आणली जातात. बाईनं शिलाईचं मशीन घेतलं तर 'शाब्बास' म्हणून कपडे तालुक्याच्या टेलरकडे जातात. राजाला काय, हुकूमनामा काढता आला असता. पण चहाचा हुकूम निघत नाही. तो जाऊन प्यावा लागतो, उघड्यावर, लोकांच्या नजरा झेलत. आणि गिऱ्हाईक रुळल्यावर राजाची गाडी तिथं थांबायची गरजही उरत नाही, हे तर मला त्याहून मोलाचं वाटतं. महाराज गेल्यानंतर त्यांचं स्मारक उभारण्यासाठी पुढं सरसावलेल्यांत गंगाराम होते. त्यात चाकरी नव्हती, कुणाचा हुकूम नव्हता. मोकळ्या झालेल्या माणसानं स्वतःच्या खुशीनं केलेलं ते काम होतं.

घराच्या चार भिंतींत दुसऱ्याला त्याच्या पायावर उभं राहू देणं आणखी अवघड होतं. बाहेरच्या अन्यायाला नाव असतं, घरातल्या अन्यायाला माया म्हणतात. १९१८ मध्ये महाराजांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, शिकारीत अपघातानं गेला. मागं राहिलेली सून, इंदुमतीदेवी, अजून अजाण मुलगी होती. त्या काळच्या राजघराण्यात अशा मुलीचं पुढचं आयुष्य कसं असायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं: पडदा, एक कोपरा आणि सगळ्यांची दया. पोरगा गमावलेल्या सासऱ्यानं तिच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली, घरातल्यांची नाराजी पत्करून केली. पुढं ती मॅट्रिक झाली आणि कोल्हापुरात मुलींच्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी तिनं स्वतः संस्था उभ्या केल्या. या गोष्टीत मी नेहमी त्या सासऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघतो. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याला कोपऱ्यात सुरक्षित ठेवावं असं किती सहज वाटतं! त्याच्या हातात पुस्तक देऊन, आपल्याला न सुचलेल्या वाटेवर त्याला जाऊ द्यायला छातीत फार बळ लागतं.

माझी एक आत्ती आहे, राधानगरीकडच्या एका वाडीत. पाऊस तिथं घरात राहायला येतो म्हणतात, ते खरं आहे. चार महिने भिंतींना ओल, चुलीजवळ वाळत घातलेले कपडे, परड्यात इरल्याखाली वाकलेल्या बायका. नवरा लवकर गेला. दोन मुलं शिकून पुण्याला गेली, चांगली आहेत, फोन करतात, 'आई, आता इकडं ये' म्हणतात. आत्ती जात नाही. तिच्याकडं एक म्हैस आहे. पहाटे उठून धार काढायची, किटली घेऊन डेरीत जायचं, दूध घालायचं, यंत्रावर फॅट किती लागली ते बघायचं. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ, गोकुळ, १९६३ मध्ये स्थापन झाला आणि गावोगावच्या दूध संस्थांतून दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येऊ लागलं. ऊसबिलाच्या मानानं हा पैसा लहान. पण ऊसबिल वर्षातून एकदा येतं आणि बहुधा घरातल्या बाप्याच्या नावावर जमा होऊन सोसायटीच्या कर्जात जातं. दुधाचा पैसा बाईच्या हाताला लागतो. त्यातून मीठमिरची येते, पोरांची वह्यापुस्तकं येतात, लेकीच्या बाळंतपणाला डिंक-खोबरं येतं, आणि कुणाला न विचारता एखादं लुगडं येतं. या भागातल्या कितीतरी घरांत बाईच्या बोलण्याला वजन आलं ते या किटलीतून.

मी एकदा आत्तीला विचारलं, पुण्याला का जात नाहीस? पोरं प्रेमानं बोलावतात, तिथं दवाखाना जवळ, गरम पाणी नळाला. ती वैरणीचा भारा सोडत होती. म्हणाली, 'तिथं मी कुणाची तरी आई. हितं डेरीच्या वहीत माझं नाव हाय.' पुढं काही बोलली नाही, वाडं कापायला घेतलं. मी त्या उत्तराचा बराच काळ विचार केला. पोरांच्या मायेबद्दल तिला शंका नव्हती. मायेनं मिळालेलं आणि कष्टानं मिळवलेलं यांची चव वेगळी लागते आणि या वयात तिला तोंडातली ती चव घालवायची नव्हती.

पण आत्ती एकटी राहते असं म्हटलं तर वाडीतल्या बायका हसतील. रोप लावणीच्या दिवसांत तिच्या खाचरात दहा जणी वाकलेल्या असतात. त्यात एकही मजुरीची नसते. पैरा असतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. बैलाला बैल, माणसाला माणूस, दिवसाला दिवस. वही नसते, पण हिशेब चोख असतो. कुणाचा अर्धा दिवस बाकी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पैऱ्यात देणारीही मोठी होत नाही आणि घेणारीही लहान होत नाही. फिटण्याची खात्री असलेलं देणं माणसाला वाकवत नाही. मान झुकते ती कधीच फेडता येणार नाही अशा उपकारापुढं. म्हणूनच कदाचित आत्ती पोरांनी धाडलेले पैसे बाजूला ठेवते आणि शेजारणीनं आणून दिलेली भाजी बिनदिक्कत चुलीवर घालते. आता तिच्याच्यानं चिखलात वाकवत नाही, तर लावणीच्या दिवशी ती सगळ्यांच्या भाकरी थापते, बायकांची तान्ही पोरं सांभाळते. पैऱ्यानं तेही मोजून घेतलंय.

वाडीच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं जंगल सुरू होतं. एकेकाळी ते कोल्हापूरच्या राजांच्या शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ पासून अभयारण्य आहे. गव्यांसाठी ते प्रसिद्ध. संध्याकाळी रानाच्या कडेला कळप चरायला उतरतो तेव्हा अंगावर काटा येतो, एवढं ते जनावर देखणं आणि दांडगं. पाहणाऱ्याला वाटतं, पुढं असणार तो सगळ्यात मोठा, काळाकुळकुळीत नर. कळप चालवते ती मात्र वयानं पिकलेली मादी. पाणी कुठं उरलंय, कुठल्या उतारावर पहिलं गवत फुटतं, हे तिला ठाऊक असतं. म्हातारे नर कळपापासून सुटून एकटे हिंडताना दिसतात. लोक त्यांना बघून म्हणतात, वा, काय रुबाब! मला त्या एकट्या जनावराकडे पाहून तसं वाटलेलं नाही. त्याला अडवणारं कुणी नाही हे खरं. पण वाघरू आलं तर हुंकार देऊन सावध करणारंही कुणी नाही. न अडवलं जाणं म्हणजेच मोकळं असणं का, हा प्रश्न त्या उतारावर उभं राहिलं की जास्त टोचतो.

आता वाडीतली तरणी पोरं कामासाठी खाली उतरतात. वडापनं कोल्हापूर, तिथून शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने, पुढं पुणं, मुंबई. मुली नर्सिंगला जातात, बँकांच्या परीक्षा देतात, खोली घेऊन राहतात, स्वतःचं भाडं स्वतः भरतात. त्यांच्या चालण्यातला मोकळेपणा बघून मला मनापासून आनंद होतो. गावात कुणी विचारलं नाही तरी मी त्यांची बाजू घेऊन बोलतो. त्याच पोरी सुट्टीला आल्या की रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात आणि बोलता बोलता कळतं, शहरात ताप आला तर कपभर चहा करून द्यायला कुणी नसतं. ऑफिसात साहेबाला 'नाही' म्हणायचं तर हप्ता आठवतो. वतन गेलं, वेठ गेली, हाक नव्या तऱ्हेनं येते, फोनमधून येते, रात्री अकराला येते. मी त्यांना सल्ला देत नाही. फक्त विचारतो, तिकडं तुमचा पैरा कुणाशी? काहीजणी लगेच दोन-तीन नावं सांगतात. काहीजणी विचारात पडतात.

यंदा आत्तीचे गुडघे फारच धरलेत. डॉक्टरांनी उकिडवं बसायची मनाई केलीय, म्हणजे धार काढणं बंद. म्हैस विकून टाक असं थोरला म्हणतो, ठेव पण गडी लाव असं धाकटा म्हणतो, मीही माझं मत सांगून झालंय. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलंय आणि दिवाळीपर्यंत बघू म्हणालीय. तोवर शेजारची बारावी झालेली पोर दोन्ही वेळच्या धारेला येते. आत्तीनं तिला रोजचं लिटरभर दूध आणि वर थोडे पैसे देऊ केले. पोरीला ते नको आहे. निम्मं दूध डेरीत माझ्या नावानं घाल, वहीत माझं वेगळं खातं काढ, वैरण मी आणते, असं तिचं म्हणणं. आत्तीला पोरीची अट आवडलेली दिसते, पण निम्मं जास्त होतं असं तिला वाटतं. दोघींची घासाघीस अजून चालू आहे.